संथेतली ती ओळ

वाराणसी, २९ जुलै २०२४

देवयानी,

वर काय लिहावं ते सुचेना. आधी 'चिरंजीव' लिहून खोडलं, मग 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलं. हा तिसरा कागद आहे, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

पत्ता नीरजामावशीकडून मिळाला. तुझ्या आईकडे तो आहे हे मला ठाऊक आहे. दर गुरुवारी दुपारी ती गच्चीत जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते हेही ठाऊक आहे. माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून तिला म्हटलं, माझा एक निरोप सांगशील का? तर म्हणाली, "मी पोस्टमन नाही. नऊ वर्षं तोंड शिवून बसलात, आता हात तरी हलवा." म्हणून हे पत्र.

इकडे ठीक आहे. गंगेला पाणी चढतंय, अमृतराव घाटाच्या खालच्या पायऱ्या परवापासून दिसत नाहीत. पाठशाळेत या वर्षी अकरा विद्यार्थी आहेत. त्यातले सात मराठी, बाकी बिहारचे आणि नेपाळचे. माझा गुडघा तसाच आहे.

लिहायचं कारण वेगळं. काशीनाथकाका तुला आठवत असतील, रेल्वेतून निवृत्त झालेले, आपल्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे. त्यांनी एक वाचनमंडळ काढलंय. मोहल्ल्यात सध्या मोबाइलवर दुसऱ्यांच्या धर्मग्रंथातल्या भयंकर ओळी फिरवायचं खूळ आहे. बघा हे लोक कसे, हे दाखवायला. त्यावरून पानवाला आणि समोरचा शिंपी यांची मारामारी झाली, शिंप्याला टाके पडले. काकांनी ठरवलं की दर पंधरा दिवसांनी रविवारी चार माणसं बसवायची आणि प्रत्येकाने फक्त आपल्या घरच्या ग्रंथातला अवघड उतारा आणायचा. दुसऱ्याच्या ग्रंथाला हात लावायचा नाही. आपला उतारा मोठ्याने वाचायचा आणि अर्थ सांगायचा. "समर्थन नंतर करा, आधी वाचा," असं काका म्हणतात.

मी आहे, मदनपुऱ्यातले अन्सारी साहेब आहेत, ते अरबीचे निवृत्त शिक्षक. आणि सिस्टर लतिका टोप्पो, झारखंडच्या, इथल्या एका शाळेत शिकवतात.

काल पहिली बैठक झाली. मी रणांगणावरचे श्लोक नेले होते, नातलगांवर शस्त्र धर म्हणून सांगणारे. म्हटले, अर्थ सांगितला, हे आतल्या शत्रूंबद्दल आहे असंही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग सिस्टरांनी त्यांचं पुस्तक उघडलं. लढाई जिंकल्यावर पुरुष मारा, मुलगे मारा, लग्न झालेल्या बायका मारा, कुमारिका मात्र आपल्यासाठी ठेवा, अशी आज्ञा. त्यांनी ती हिंदीत सावकाश वाचली. पुस्तक मिटलं. काकांनी विचारलं, "सिस्टर, इस पर आप लोग क्या कहते हैं?" त्या म्हणाल्या, "कहते तो बहुत कुछ हैं. आज मैं सिर्फ़ पढ़ने आई थी."

निघताना पायऱ्यांवर मला म्हणाल्या, "पंडितजी, आपका वाला आसान था."

तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. तुला हे का सांगतोय ते बहुधा तुला कळेल.

तू कितवीला शिकवतेस? तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, तिलाच विचारा.

अण्णा


वाराणसी, १२ ऑगस्ट २०२४

देवयानी,

उत्तर नाही आलं. ते अपेक्षितच होतं. तरी लिहितो.

काल अन्सारी साहेबांची पाळी होती. त्यांनी बायकांबद्दलची आयत आणली. नवऱ्याचं न ऐकणाऱ्या बायकोला आधी समजवा, मग बिछाना वेगळा करा, मग मारा. आधी अरबीत म्हटली. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. मग अर्थ सांगितला. म्हणाले, "चालीस साल मैंने बच्चों को पढ़ाया कि इसका मतलब है हल्के से, दातून जितनी लकड़ी से. यह भी पढ़ाया कि हमारे रसूल ने किसी औरत पर कभी हाथ नहीं उठाया. दोनों बातें सही हैं. फिर एक रोज़ मोहल्ले की एक औरत आई. मैंने उसको भी वही दातून वाली बात समझाई. वह सुनती रही, फिर बोली, तो मौलवी साहब, नापेगा कौन?"

काकांनी विचारलं, "फिर आपने क्या कहा?"

"चौदह साल हो गए. अभी सोच रहा हूँ."

सिस्टर टोप्पोंनी त्यांना पाणी दिलं. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "नरहरपंत, तुमच्याकडे बायकांबद्दल असं काही?"

मी म्हणालो, स्मृतींमध्ये असेल, पण स्मृती माणसांच्या. श्रुतीत, म्हणजे आम्ही जे मुखाने म्हणतो त्यात, तसं काही नाही.

देवयानी, तुला कोणती ओळ आठवेल ते मला ठाऊक आहे. तुझ्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही, म्हणून मी दुर्गाघाटावर तुझ्या घरी येऊन आपल्या उपनिषदाच्या शेवटच्या अध्यायाचं पारायण केलं होतं. तो संततीसाठीचा भाग आहे, आपल्या घराण्यात तसाच करतात. कुणाल माझा विद्यार्थी, तो माझ्या आवाजात आवाज मिळवून म्हणत होता. त्या अध्यायात ती ओळ येते. पारायणात एक अक्षर गाळलं तरी सगळं वाया जातं, म्हणून आम्ही ती म्हटली. पण आम्ही वैदिक. आम्ही घोकून जपणारी माणसं. अर्थ शास्त्री लोक बघतात. ती ओळ म्हणताना मला तिचा अर्थ माहीत नव्हता, एवढं तू समजून घे.

आणखी एक गोष्ट. अकोल्याहून एक पत्र आलंय, कुणी दिनानाथ पिंपळखरे यांचं. त्यांच्या मुलीचं, अंतराचं, लग्न कुणालशी ठरत आलंय. तो आता नाशिकला असतो, याज्ञिकी करतो, नाव आहे. 'पहिली पत्नी मनाने अस्थिर होती म्हणून ते जमलं नाही असं कळलं,' असं त्यांनी लिहिलंय. 'आपण त्यांचे गुरू. मुलगा कसा आहे, एवढं आपण दोन शब्दांत लिहिलंत तर आमची चौकशी संपली.' मी त्याचा सासरा होतो हे त्यांना माहीत नाही.

आईने पत्र वाचलं आणि चण्याच्या डब्याखाली ठेवलं.

अण्णा


वाराणसी, २२ ऑगस्ट २०२४

देवयानी,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळींचं आहे, मी ते निदान वीस वेळा वाचलं असेल.

'अर्थ माहीत नव्हता असं लिहू नका. तो अध्याय सुरू झाला की तुम्ही मला खोलीतून बाहेर पाठवायचात. मी बारा वर्षांची होते. अर्थ माहीत नसलेला माणूस असं करत नाही.'

खरं आहे. मी ते विसरलो होतो असंही लिहिणार नाही. वडिलांनी माझ्या बहिणींना बाहेर पाठवलं, मी तुला पाठवलं. त्याला कुणी नियम म्हणत नव्हतं. "जा गं, पाणी भरून आण," एवढंच.

आता सरळ लिहितो.

मी एकोणीस वर्षांचा असताना भाष्य वाचलं. ती ओळ सांगते की बायको जवळ येऊ देत नसेल तर आधी तिला काही देऊन राजी करावं, तरीही ऐकत नसेल तर काठीने किंवा हाताने मारून तिला वश करावं. मी वडिलांकडे गेलो आणि विचारलं, हे असंच आहे का? ते पूजेचं साहित्य लावत होते. म्हणाले, "असंच आहे. तिथे स्वर सांभाळ. मन लावू नकोस." मला ते उत्तर पुरलं. पन्नास वर्षं पुरलं. माझ्याकडे शिकलेल्यांपैकी कुणी विचारलं तर मीही तेच सांगत आलो. कुणालनेही विचारलं होतं. तो हुशार होता, वर्गात सगळ्यांच्या पुढे. मी त्यालाही हेच सांगितलं. त्याने मन लावलं.

फेब्रुवारी २०१५, होळीच्या आधीचा शुक्रवार. तू आलीस तेव्हा मी वर्गावर होतो. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा होता. तू पदर बाजूला सारून दाखवलास आणि म्हणालीस, "त्यांनी आधी ती ओळ पूर्ण म्हटली, मग मारलं. अण्णा, स्वर अचूक होते."

हे वाक्य मी नऊ वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही. तिला मी सांगितलं की भांड्याला भांडं लागलं.

तू म्हणालीस, मला राहू दे. मी म्हणालो, वर्ग संपू दे. वर्ग संपल्यावर मी तुला घेऊन निघालो. गोदौलियापर्यंत रिक्षा, पुढे पायी. दुर्गाघाटावर कुणालने दार उघडलं, वाकून नमस्कार केला, चहा टाकला. मी त्याला काही बोललो नाही. 'जपून रहा,' एवढं म्हणालो, तेही तुम्हा दोघांना मिळून. मी तिथे बसून चहा घेतला, देवयानी. तू आत होतीस. कप रिकामा होईपर्यंत बसलो आणि एकटा परत आलो.

अकरा दिवसांनी तू इंदूरला नीरजाकडे निघून गेलीस. नंतर कोर्टात घटस्फोटाच्या समझोत्याच्या वेळी मी 'किरकोळ मतभेद' असं लिहून सही दिली. अस्थिर हा शब्द मी लिहिला नव्हता, पण त्यासाठी जागा मीच करून ठेवली. कुणाल त्यानंतरही येत राहिला. गेल्या महिन्यात गुरुपौर्णिमेला आला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मी त्याला नारळ आणि आशीर्वाद दिला.

आणखी एक लपवलं होतं तेही लिहितो. अकोल्याचं पत्र यायच्या आधी त्याचा फोन आला होता. "गुरुजी, एक पत्र येईल, दोन ओळी लिहून टाका." मी म्हणालो, "बरं."

अण्णा


वाराणसी, २७ ऑगस्ट २०२४

देवयानी,

रविवारी मी तो अध्याय घेऊन गेलो. काकांना आधी सांगितलं की मागच्या वेळी मी खोटं बोललो, आज दुरुस्त करायचंय.

वाचायला सुरुवात केली आणि सवयीने गायलाच लागलो. हात आपोआप वर-खाली होत होता. ती ओळ आली आणि गेली. एवढी वर्षं ती अशीच जाते. सिस्टर डोळे मिटून ऐकत होत्या, संगीत ऐकावं तशा. मग मी हिंदीत अर्थ सांगितला. त्यांनी डोळे उघडले.

काशीनाथकाका पहिल्यांदा बोलले. मराठीत बोलले, म्हणजे ते माझ्यापुरतंच होतं. "नरहरपंत, हे इथेच राहू द्या. बाहेर गेलं तर लोक फायदा उठवतील."

अन्सारी साहेबांना मराठी येत नाही, पण 'फायदा' कळलं. म्हणाले, "फ़ायदा तो जिसको उठाना था, उठा चुका होगा, पंडितजी. किताब बंद करने से उसका हाथ थोड़े रुकेगा."

सिस्टरांनी विचारलं, "यह आप कहाँ पढ़ते हैं? क्लास में?"

"क्लास में. और घरों में भी. औलाद के लिए."

"किसके घर में पढ़ा?"

काका म्हणाले, "सिस्टर, यह ज़रूरी नहीं." मी म्हणालो, "बेटी के घर में." मग मी सगळं सांगितलं, चहासकट. तुझं नाव घेतलं नाही. बोलताना लक्षात आलं की ग्रंथाबद्दल बोलणं मला जमत होतं, चहापाशी आल्यावर एकच वाक्य तीनदा सुरू करावं लागलं.

नंतर बराच वेळ वाद झाला. काकांचं म्हणणं, अशा ओळी संथेतून काढाव्यात. मुलांना गुरूच्या मागून ओळ दोनदा म्हणायला लावतात, त्यात ही ओळच नको. अन्सारी साहेब तयार नव्हते. "निकाल देंगे तो आगे वाला समझेगा कि कभी थी ही नहीं. मेरे यहाँ भी लोग यही चाहते हैं, कि तर्जुमे में लफ़्ज़ बदल दो, छुट्टी." सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या प्रार्थनेत ते उतारे कधी वाचतच नाहीत, त्यामुळे मठात येऊन सात वर्षं होईपर्यंत त्यांना ते ठाऊकही नव्हते. "जब मिला तो लगा घर में किसी ने कुछ छुपाया है." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "और आपके यहाँ रोज़ गाते हैं, फिर भी छुपा रहा." कुणाचंच कुणाला पटलं नाही. काकांनी भजी मागवली, ती गार झाली.

घरी आलो आणि आईला खरं सांगितलं. होळीच्या आधीच्या शुक्रवारचं, पूर्ण. ती म्हणाली, "मला माहीत होतं." मी म्हणालो, कसं? "देवयानीने सांगितलं, आणखी कसं? तुम्ही कधी सांगता ते बघत होते." आणि उठून गहू निवडायला बसली. मग तिथूनच म्हणाली, "अकोल्याच्या पत्राचं काय?"

मी म्हणालो, देवयानीची परवानगी घेऊन लिहीन. तिची गोष्ट आहे, तिला विचारल्याशिवाय कसं लिहायचं.

"वा. परत तिच्याच मागे लपा. तिचं तिच्याजवळ राहू द्या. तुम्ही काय केलंत ते लिहायला परवानगी कशाला हवी?"

मी म्हणालो, "अगं, पण त्यात तिची बदनामी..."

"बदनामी तुमच्या सहीने झाली, ती होऊन गेली. आता उरलीय ती तुमची. ती करून घ्या."

मी लिहायला बसलो. चार वेळा सुरुवात केली. पहिल्या तीन खर्ड्यांत कुणालबद्दल लिहिलं होतं, चौथ्यात माझ्याबद्दल लिहिलं. मी त्याचा गुरू आणि सासरा होतो. माझी मुलगी मार खाऊन माझ्याकडे आली, तिच्या हातावरचे वळ मी डोळ्यांनी पाहिले. मी तिला परत नेऊन सोडलं. कोर्टातल्या कागदावर खोटं लिहिलं. माझी मुलगी मनाने कधीही अस्थिर नव्हती. मुलगा कसा आहे असं आपण विचारलंत, तर त्याला काय शिकवलं ते मी जाणतो, आणि शिकवताना काय सांगितलं नाही तेही. एवढंच लिहून आज सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पाठवून झाल्यावर तुला कळवतोय, विचारत नाही. यावर तुला राग आला तर तो बरोबर असेल.

अण्णा


वाराणसी, २३ सप्टेंबर २०२४

देवयानी,

मध्ये बरेच दिवस गेले. लिहायला घेत होतो, पण रोज काहीतरी नवं घडत होतं.

तीन तारखेला कुणालचा फोन आला. पहिल्यांदाच नमस्कार न करता बोलला. "गुरुजी, हे काय लिहिलंत? मी शास्त्राबाहेरचं काय केलं? तुमच्याकडून शिकलो तेवढंच."

मी म्हणालो, "हो. तेच लिहिलंय."

म्हणाला, "मग पाठशाळा बंद करा." मी म्हणालो, विचार करतोय. खरंच करतोय. दहा दिवसांपूर्वी वर्गात तो अध्याय आला. ती ओळ मी दोनदा म्हणवून घेतली, मग थांबलो आणि अर्थ सांगितला. पाठशाळेत असं आधी कुणी केलेलं नाही. संथेत अर्थ सांगत नाहीत. अर्थ सांगितला आणि म्हणालो, ही ओळ मी माझ्या मुलीच्या घरी म्हटली आणि तिला मार बसला. हे मी आता दरवर्षी इथे सांगणार आहे. एकाने विचारलं, "गुरुजी, फिर याद करना है कि नहीं?" मी म्हणालो, करायचं. ओळ पाठ करायची आणि हेही पाठ करायचं. हे बरोबर आहे की नाही मला माहीत नाही. दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांनी नावं काढून घेतली. अन्सारी साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "मेरे बस का होता तो मैं भी करता," आणि विषय बदलला.

काल अकोल्याची मंडळी आली. पितृपक्षात पिंडदानाला गयेला निघाली होती, वाटेत काशी. दिनानाथराव आणि मुलगी अंतरा. तिचं वय एकतीस, बँकेत आहे. चष्मा लावते, बोलते कमी.

दिनानाथराव चप्पल काढता काढता सुरू झाले. "पंत, तुमच्या पत्राने आमच्या घरात वादळ आलंय. कुणालराव म्हणतात तुमचं वय झालं, मुलीच्या दुःखाने तुमचा तोल गेलाय. आम्ही काय समजायचं?"

"ते म्हणतात तसं समजू शकता," मी म्हणालो. "वय झालंच आहे."

"मग पत्र खोटं?"

"पत्र खरं आहे."

"एकदा हात उचलला म्हणून माणूस कायमचा वाईट होतो का? तरुण वय असतं. नंतर माणूस निवळतो."

अंतरा म्हणाली, "बाबा, तुम्ही कुणालरावांबद्दल विचारताय. हे स्वतःबद्दल सांगतायत. ऐका तरी."

आई पाण्याचे पेले घेऊन आली होती, ती तिथेच उभी राहिली. अंतराने पेला घेतला, पण प्यायली नाही. मला म्हणाली, "काका, तुम्ही तिला परत सोडायला निघालात तेव्हा ती वाटेत काही बोलली का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मंडळात नाही, आईनेही नाही.

मी म्हणालो, "नाही. चौखंब्यापाशी एकदा थांबली."

"मग?"

"मी पुढे चालत राहिलो. थोड्या वेळाने तिची पावलं मागून ऐकू आली."

अंतराने पेला खाली ठेवला. दिनानाथराव खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर माकडं वाळवणाला लागली होती आणि कुणीतरी काठी आपटून त्यांना हाकलत होतं.

मग अंतरा म्हणाली, "मला तुमच्या मुलीशी बोलायचंय. नंबर द्याल?"

मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "नंबर माझ्याकडे आहे, पोरी. पण तो तिचा आहे, मी कसा देऊ? तुझा दे."

तिने पर्समधून कागद काढून नंबर लिहून दिला. दिनानाथराव म्हणाले, "अगं, कशाला?" तिने पेनाला टोपण लावलं. जाताना त्यांनी मला नमस्कार केला नाही, आईला केला. मला ते बरं वाटलं.

साखरपुडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आहे. अजून मोडलेला नाही. वडील म्हणतात मोडू नये, पत्रिका वाटून झाल्यात. पायऱ्या उतरताना अंतरा थांबून मला म्हणाली, "त्यांचा फोन आला तरी मी ठरवेन, नाही आला तरी ठरवेन. त्यांच्यावर ओझं नको."

तो कागद या पत्रासोबत ठेवलाय. तिच्या हातचा आहे, मी उतरवून घेतलेला नाही. तू फोन कर असं मी म्हणत नाही, करू नकोस असंही म्हणत नाही. केलास की नाही ते मला कळवू नकोस, आईलाही मी विचारणार नाही. कुठे जायचं ते एकदा मी तुला सांगितलं होतं. त्यानंतर तो अधिकार मला उरलेला नाही.

नरहर